वाडा, घर आणि वहिवाट : वास्तुकेंद्री कथनांच्या समीक्षेसंबंधी

१

मराठी कादंबरी आणि नाटक यांच्या चर्चेत ‘वाडा’ ही प्रतिमा समीक्षेच्या हाती फार सहज येते. संहितेत वाडा दिसला की ऱ्हास दिसतो. ऱ्हास दिसला की सरंजामी व्यवस्थेचा अस्त दिसतो, आणि तो दिसला की विवेचन पुरे झाले असे मानले जाते. भिंतीला गेलेला तडा, उडालेला रंग, बंद पडलेले घड्याळ, माजघरातला अंधार हे तपशील क्रमाने नोंदवून त्यांच्यापुढे ‘मूल्यव्यवस्थेचे प्रतीक’ अशी पाटी लावली जाते. ही वाचनपद्धती सर्वस्वी चुकीची आहे असे नाही. परंतु ती कोठून आली आणि कोणत्या भूमीवर घडली, हा प्रश्न तिच्याबाबतीत क्वचितच विचारला गेला आहे.

या पद्धतीचे मूळ बव्हंशी इंग्रजी साहित्यातील जुन्या जमीनदारी घरांच्या कथनात आहे. एक मोठे घर, त्याच्याभोवतीची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणारे एक घराणे आणि त्या घराण्याची चढती-उतरती कमान या चार घटकांतून इंग्रजीत एक स्थिर रूपबंध तयार झाला. होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून (१७६४) काझुओ इशिगुरोच्या ‘द रिमेन्स ऑफ द डे’पर्यंत (१९८९) तो अनेक वळणे घेत टिकून राहिला आहे. बाख्तीनने कादंबरीतील कालावकाशाचा विचार करताना गढीला स्वतंत्र स्थान दिले, ते याच कारणाने. गढीत काळ साचतो. भिंती, तसबिरी, शस्त्रे, वारसाहक्काचे कागद या साऱ्यांतून तो दृश्यमान होतो. मराठी समीक्षेने हा विचार स्वीकारला तेव्हा त्यातला अवकाश तेवढा उचलला गेला. त्या अवकाशाला आकार देणारा कायदा, श्रम आणि जमीनधारणेची पद्धत मात्र मागेच राहिली.

प्रस्तुत विवेचनाचा रोख या राहून गेलेल्या भागाकडे आहे. वास्तूचा इतिहास आणि तिच्यातील वास्तव्याचा इतिहास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मराठी संहितांत दुसरी गोष्ट अधिक निर्णायक ठरते, असे येथे मांडावयाचे आहे. त्यासाठी मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव आणि त्याचा परिसर आधारभूमी म्हणून घेतला आहे. एखाद्या कादंबरीचे स्थळ म्हणून हे गाव प्रसिद्ध नाही, आणि तेच येथे उपयोगाचे आहे. वाङ्मयीन प्रतिमेची पुटे न चढलेल्या भूमीवर उभे राहिले की संहितेतील वाडा अधिक नेमका दिसू शकतो.

२

इंग्रजी रूपबंधाचा पाया वारसाहक्काच्या कायद्यात आहे. ज्येष्ठ पुत्राला सारी स्थावर मिळकत मिळावी आणि ती त्याला विकता किंवा विभागता येऊ नये, अशी तजवीज तेथील जमीनदार घराण्यांनी सतराव्या शतकापासून दस्तऐवजांच्या द्वारे पक्की करत नेली. धाकटे मुलगे सैन्यात, चर्चमध्ये किंवा वसाहतींत गेले आणि मुली हुंडा घेऊन बाहेर पडल्या; घर मात्र अखंड राहिले. मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाच्या स्थावर मिळकतीला लागू होणारा ज्येष्ठाधिकार तेथे १९२५ च्या कायद्याने संपला. तोपर्यंतची दोन-अडीच शतके या अखंडतेने कथानकांना पुरेल इतका ताण निर्माण केला होता. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधील (१८१३) बेनेट कुटुंबाची सारी धास्ती एवढ्यावरच उभी आहे की, बापाच्या मागे घर मुलींना न मिळता दूरच्या नातलगाला जाणार. ‘ओट्रँटो’तील अद्भुतही याच प्रश्नाभोवती फिरते. बळकावणारा कोण आणि खरा वारस कोण, हे तेथे भुतांना सांगावे लागते.

या घरांच्या वैभवाचा खर्च कोठून आला, हा प्रश्न इंग्रजी समीक्षेने उशिरा विचारला, परंतु विचारला. रेमंड विल्यम्सने ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात अशा वास्तूंकडे पाहताना त्यांच्या सौंदर्याबरोबर त्यांत मुरलेल्या श्रमाची आणि लुटीची मोजदाद करण्याचा आग्रह धरला. एडवर्ड सैद यांनी ‘कल्चर अँड इंपीरियलिझम’मध्ये (१९९३) ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’मधील (१८१४) शांत, शिस्तशीर घराचा संबंध अँटिग्वा बेटावरील मळ्यांशी जोडून दाखवला. कादंबरीत अँटिग्वाचा उल्लेख थोडकाच येतो. तथापि घरमालक तेथे जातो, म्हणूनच घरातला दिनक्रम बिघडतो आणि कथानक पुढे सरकते. मार्क जिरुआर्डने १९७८ च्या आपल्या ग्रंथात या घरांची रचनाच सामाजिक इतिहासासारखी वाचली. नोकरांसाठी काढलेला मागचा जिना ही वास्तुशास्त्रीय सोय होती, तशीच श्रम नजरेआड ठेवण्याची ती युक्तीही होती.

विसाव्या शतकात ही व्यवस्था मोडली. १८९४ पासून लागू झालेला मृत्यूनंतरचा कर, दोन महायुद्धे आणि मजुरीचे वाढलेले दर यांमुळे शेकडो घरे पाडली गेली. १९३७ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट या संस्थेला अशी घरे त्यांतील रहिवाशांसह सांभाळण्याचा मार्ग मोकळा झाला. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नष्ट झालेल्या घरांचे प्रदर्शन भरले, आणि घराविषयीचा शोक हा राष्ट्रीय भावनेचा भाग बनला. एव्हलिन वॉच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’मध्ये (१९४५) हा शोक आधीच भरून आला होता. इशिगुरोने निवेदन बटलरच्या तोंडी देऊन त्या शोकाला आतून छेद दिला. घर अमेरिकन मालकाकडे गेले तरी निष्ठेची सवय सुटत नाही, हे तेथील खरे दुःख आहे. घर एक, वारस एक आणि शोकही एक, ही त्या परंपरेची घडण इशिगुरोपर्यंत कायम राहते. बदलतो तो शोक करणारा आवाज.

३

मसुऱ्याच्या भूमीवर ही घडण लागू पडत नाही. कालावल खाडीच्या दक्षिणेस, गावाच्या डोक्यावर भरतगड आहे. वाडीच्या फोंड सावंतांनी तो १७०१ च्या सुमारास बांधला. खाडीपलीकडे बावड्याच्या पंत अमात्यांचा भगवंतगड उभा राहिला. दोन सत्तांचे दोन किल्ले एका खाडीच्या दोन काठांवरून एकमेकांकडे पाहत राहिले, आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्या पाहण्याला काही अर्थ उरला नाही. भरतगडाच्या तटात आज विहीर आहे, महापुरुषाचे देऊळ आहे आणि आंबा-काजूची झाडे आहेत. इंग्लंडमध्ये गढीचे रूपांतर जमीनदाराच्या निवासी घरात झाले आणि त्या घराभोवती शोभेचे उद्यान आले. येथे गडाची बाग झाली, पण मधला टप्पा, म्हणजे गडाचा वारसा सांगणारे महाघर, निर्माणच झाले नाही. सत्ता गडावरून खाली उतरली ती घरात न येता वसुलीच्या दप्तरात शिरली.

त्या दप्तराचा धनी खोत. कालावल खाडीतील एका बेटाला आजही मसुऱ्याचा ‘खोतजुवा’ म्हणतात; हुद्दा गेला तरी भूगोलात त्याचे नाव राहिले. कोकणातील खोत हा इंग्रजी अर्थाने जमिनीचा स्वामी नव्हता. गावचा सारा सरकारात भरण्याची हमी घेणारा आणि त्या बदल्यात कुळांकडून वसूल करणारा तो मध्यस्थ होता. काहींचे हे हक्क वतनी झाले, आणि १८८० च्या खोती कायद्याने खोत, धारेकरी व कुळे यांच्या परस्परसंबंधांना कायद्याचे रूप आले. अर्धेलीने जमीन करणाऱ्या कुळाला पिकाचा निम्मा वाटा खोताच्या घरी पोचता करावा लागे. महत्त्वाची गोष्ट अशी की, खोती एका माणसाच्या हाती अखंड राहत नसे. मिताक्षरा पद्धतीच्या अविभक्त कुटुंबात जन्मलेला प्रत्येक मुलगा जन्मतःच हिस्सेदार. त्यामुळे खोतीच्या तक्षिमा पडत, आणि गावाचा कारभार तक्षीमदारांकडे पाळीपाळीने जाई. इंग्रजी घराण्यात धाकट्या मुलाला घर सोडावे लागते. कोकणी घराण्यात त्याला भिंत घालावी लागते.

ही भिंत कोकणातील घराच्या कथनाचे मूळ एकक आहे. जांभ्या चिऱ्याचे लांबट घर, पुढे शेणाने सारवलेले खळे, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, मागे न्हाणी आणि थोड्या अंतरावर मांगर, अशी त्याची सर्वसाधारण रचना. वाटणी झाली की ओटीचे दोन भाग होतात आणि माजघरात दुसरी चूल पेटते. देवघर मात्र बहुधा वाटले जात नाही. तेथे पाळी चालते. घर पाडले जात नाही, विकलेही जात नाही. त्याची बेरीज-वजाबाकी होत राहते. इंग्रजी घराच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणजे वंशावळ; ती एका खोडाने वर चढते. कोकणातील घराच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणजे सातबाराचा उतारा. तो आडवा पसरतो, आणि मेलेल्या माणसांची नावेही त्यावर जिवंत माणसांच्या शेजारी सामाईक नांदतात.

नावांच्या संदर्भात आणखी एक भेद लक्षणीय आहे. इंग्रजी कादंबऱ्यांच्या शीर्षकांतून घरांची नावे मिरवतात, कारण घर हे घराण्याहून दीर्घायुषी असते. कोकणात घराला नाव नसते. ‘थोरले घर’, ‘मूळ घर’ एवढीच त्याची ओळख. नाव असते ते गावाला आणि ते माणसाच्या आडनावात जाऊन बसते. गिरणीत, गोदीत, कचेरीत कामाला मुंबईस गेलेला चाकरमानी घर मागे ठेवून गेला आणि गाव नावात घेऊन गेला. त्यामुळे कोकणातील घराची कथा घरात पुरी होत नाही. तिचा निम्मा भाग गिरणगावच्या खोल्यांत, मनिऑर्डरींत आणि गणपतीच्या सुटीत घडतो.

४

ही भूमी ध्यानात घेतली की परिचित संहिता निराळ्या दिसू लागतात. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही द्विखंडी कादंबरी घराण्याच्या चार पिढ्यांचा विस्तार मांडते. तिला ‘कौटुंबिक महाकादंबरी’ म्हणून गौरवण्यात आले, आणि तिच्या अघळपघळ रचनेबद्दल तक्रारही झाली. परंतु तिचा विस्तार हा शैथिल्याचा भाग आहे की विषयाचा, हे ठरवण्यासाठी वारसाची एकच रेषा शोधणारी दृष्टी उपयोगाची नाही. खोत घराण्यात सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात सरळ जात नाही. ती भावाभावांत फुटते, दादा खोत आणि बंडू खोत यांच्यासारख्यांच्या हाती उग्र होते, नाना खोताच्या ठायी वेगळेच वळण घेते. कथनकाराला प्रत्येक हिस्सेदारामागे जावे लागते, कारण प्रत्येकाचा घरावर हक्क आहे. कादंबरीचा रूपबंध येथे सातबाराच्या रूपबंधाशी नाते सांगतो. जगबुडी नदीकाठचे तुंबाड हे स्थळ म्हणून ठसते, ते वास्तूच्या वर्णनामुळे कमी आणि तिच्यावरील परस्परविरोधी दाव्यांच्या गर्दीमुळे अधिक.

जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’ (१९७७) हे नाटक त्यांच्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवर आधारलेले आहे. विजया मेहता यांनी ते रंगभूमीवर आणले आणि पुढे ‘रावसाहेब’ या नावाने त्याचा हिंदी चित्रपटही केला. मराठी नाटकांत इंग्रजी जमीनदारी घराच्या सर्वांत जवळ जाणारी वास्तू कदाचित हीच. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर, त्याच्या राहणीतले विलायती वळण, घराण्यात रक्तातून उतरत आलेल्या वेडाचे सावट, हे सारे त्या परंपरेतील गूढ घरांची आठवण करून देते. म्हणूनच या नाटकाला ‘शापित वास्तूचे नाटक’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्यातील ताण वेडाच्या वारशापेक्षा घरात राहणाऱ्या दोन स्त्रियांमधून उभा राहतो. केशवपन झालेली मावशी ही त्या घरातील जुनी रहिवासी. आणि भाडेकरू म्हणून आलेल्या कुटुंबातील राधा, जी पुढे विधवा होते, ही नवी. दोघींपैकी एकीचेही नाव त्या वास्तूच्या कोणत्याही कागदावर असण्याची शक्यता नाही. बॅरिस्टरचा उदारमतवाद राधेला सोवळ्यापासून वाचवू पाहतो, आणि तो स्वतःच कोसळतो तेव्हा तिला उभे राहायला जागा उरत नाही. घर कोणाचे, या प्रश्नाहून या घरात कोणाला कोणत्या अटीवर राहता येते, हा प्रश्न येथे मोठा आहे. गूढ घराच्या चौकटीत तो मावत नाही.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा (१९८५) प्रदेश विदर्भाचा आहे. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ यांसह ती त्रिनाट्यधारा १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर झाली, आणि वाडा ही मराठी रंगभूमीची मध्यवर्ती प्रतिमा म्हणून प्रस्थापित झाली. धरणगावकर देशपांड्यांच्या या वाड्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आजीचे पुनःपुन्हा वेळ विचारणे, दागिन्यांची पेटी ही प्रतीके आता सर्वपरिचित आहेत. पण कथानकाला गती कशाने मिळते, हे पाहिले तर बापाच्या उत्तरक्रियेचा खर्च आणि त्यासाठी कोणाचा वाटा मोडायचा, हा व्यवहार समोर येतो. मुंबईहून आलेल्या सुधीरचा हिस्सा, घरी राहिलेल्या भास्करचा कारभार, शिक्षण नाकारलेल्या प्रभाचे दागिने हे तिन्ही प्रश्न वाटणीचे आहेत. वाडा पडतो आहे हे खरे. पण तो पडताना प्रत्येकाच्या वाट्याला कोणता तुकडा येतो, हे अधिक खरे. ऱ्हासाची प्रतिमा साऱ्या पात्रांना एका दुःखाखाली आणते, आणि वाटणीचा व्यवहार त्यांना पुन्हा वेगळे करतो. नाटकाचे सामर्थ्य दुसऱ्या हालचालीत आहे.

या तीन संहितांतून एक समान सूत्र हाती येते. मराठी वास्तुकथनाचा मध्य मालकीपेक्षा वहिवाटीत आहे. मालकी कागदावर असते. वहिवाट दररोजच्या वावरात असते. कोणी कोणत्या दाराने यावे, कोणी कोठे बसावे, कोणाची चूल कोठे, कोणाला देवघरापर्यंत जाता येते, यांतून ती सिद्ध होते. कायद्याच्या भाषेत वहिवाटीला हक्काचे बळ येऊ शकते, आणि कथनाच्या भाषेत तिच्यातून पात्र घडते.

५

वहिवाट हा निकष मानला की समीक्षेपुढे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. घराचे रहिवासी कोण? इंग्रजी घराने नोकरांसाठी मागचा जिना काढला आणि त्यांना घराच्या आत, परंतु दृष्टीआड ठेवले. म्हणूनच बटलरच्या तोंडून घराची कथा सांगणे इशिगुरोला शक्य झाले. कोकणातील खोताच्या घरात मागच्या जिन्याची गरज नव्हती, कारण जातीने आणि कुळपणाने प्रत्येकाची पायरी आधीच ठरवून दिलेली होती. खळ्यापर्यंत येणारे, पडवीपर्यंत येणारे, ओटीवर बसणारे आणि माजघरात वावरणारे असे थर घराच्या रचनेतच होते. श्रम येथे लपवलेला नव्हता. तो समोर, खळ्यात, उघड्यावर उभा होता. झोडलेले भात तेथेच मोजले जाई. दिसत असूनही कथनात न येणे, हे न दिसण्यापेक्षा अधिक कठोर आहे.

या खळ्यातल्या माणसाचा इतिहास साहित्याबाहेर बराच स्पष्ट लिहिलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याला मालकीचा मार्ग खुला झाला. म्हणजे वाड्याच्या ऱ्हासाची जी वर्षे म्हणून समीक्षा सांगते, तीच वर्षे कुळाच्या दृष्टीने हक्क मिळण्याची आहेत. या काळाकडे फक्त अस्ताच्या रंगात पाहणारे वाचन मालकाच्या ओटीवर बसून केलेले वाचन असते. मग वाचक स्वतः कोणत्याही पायरीवरचा का असेना.

दलित आत्मकथनांनी ही बैठक बदलली. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरी परिसरातील वरच्या जातींची घरे बाहेरून दिसतात. विणलेली आयदाने पोचवायला गेलेल्या मुलीला दाराबाहेर थांबावे लागते, आणि दार हे घराचे प्रवेशस्थान न राहता घराची शेवटची मर्यादा होते. वास्तूच्या वर्णनाचा हा कोन ‘तुंबाडचे खोत’च्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. एका संहितेने दुसरीला खोटे पाडावे, असा याचा हेतू नाही. एकाच प्रकारच्या घराचे आतले नकाशे आणि बाहेरचे नकाशे जुळवल्याखेरीज त्या घराचा इतिहास पुरा होत नाही, एवढेच म्हणणे आहे. पेंडशांची कादंबरी आतल्या दालनांत जितकी निःसंकोच फिरते, तितकी ती खळ्यातल्या माणसाच्या झोपडीपर्यंत जात नाही. हे तिचे वैगुण्य म्हणून नोंदवण्यापेक्षा तिच्या निवेदनाची सीमा म्हणून नोंदवणे अधिक न्याय्य ठरेल.

स्त्रियांच्या वास्तव्याबाबतही हाच विचार लागू पडतो. कोकणातील घर चालवते ती बाहेरून आलेली सून, आणि जन्माने त्या घराची असलेली मुलगी तेथे पाहुणी म्हणून येते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद मानले, आणि २००५ मध्ये केंद्रीय कायद्यानेही तेच केले. तरीही हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण हे कौटुंबिक जीवनातील नित्याचे दृश्य राहिले. या सहीमागची मनःस्थिती, तिच्यातील प्रेम आणि भीती यांचे मिश्रण, वास्तुकेंद्री कथनात अजून पुरेसे उतरलेले नाही. प्रभाचे पात्र त्याच्या जवळ जाते. पण तेही वाड्याच्या दुःखात पुष्कळदा विरघळवून वाचले गेले आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. वाङ्मयकृतीतील घर हे कल्पित घर असते. गास्तों बाशलारने १९५७ च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे तळघर, माळा, कोपरा, दार ही मनाची रूपे असतात. त्यांना खोती कायद्याच्या आणि सातबाराच्या खुंटीला बांधणे म्हणजे समीक्षेने समाजशास्त्रापुढे शरण जाणे होय. आक्षेप गंभीर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. बाशलारचे घर उभे आहे, तळघरापासून माळ्यापर्यंत चढणारे. त्यातील स्वप्न पाहणारा एकटा आहे आणि त्याला स्वतःचा कोपरा आहे. कोकणातील घर आडवे आहे, त्यात तळघर सहसा नाही, आणि कोपरा एकट्याचा नसतो. तेव्हा मनाच्या रूपांचा विचार करायचा झाला तरी ती कोणत्या घरात घडली, हे टाळता येत नाही.

मसुऱ्याच्या आसपास या मनोरूपांना एक फार वेगळे परिमाण मिळते. शेजारच्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. ग्रामदैवताचा कौल मिळाला की सारे गाव माणसांसह, गुराढोरांसह वेशीबाहेर जाते, काही दिवस रानात, खाडीकाठी, खोपटांत राहते आणि पुन्हा कौल घेऊन परतते. त्या काळात घरे रिकामी असतात. या प्रथेमागे जो भाव आहे त्यात माणूस घराचा धनी नाही. जागेचा मूळ धनी निराळा, माणसे त्याच्या परवानगीने राहणारी. मसुऱ्याच्याच आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात आधी छापलेली नसते. ती देवीच्या कौलाने ठरते, आणि त्या दिवसाच्या आधाराने दूरवरचा चाकरमानी बंद घराचे कुलूप उघडतो. घर माणसांनी भरावे केव्हा आणि रिते व्हावे केव्हा, याचा निर्णय येथे मालक एकट्याने घेत नाही.

इंग्रजी गूढकथेतील भूत हे अन्याय झालेल्या वारसाचे असते. न्याय झाला की ते शमते. कोकणातील राखणदार हा हक्क परत मागणारा नाही. तो कायमचाच धनी आहे. त्याला मान द्यायचा असतो. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’सारख्या (१९६६) कादंबरीतील अमानवी शक्तीला केवळ अंधश्रद्धेचे किंवा सुप्त मनाचे रूपक म्हणून वाचले, तर हा धनीपणाचा अर्थ हातून निसटतो. मानवी मालकीला वेढून असलेली एक जुनी, अलिखित वहिवाट त्यात बोलते. अर्थात तिचे गौरवीकरण करण्याचेही कारण नाही. देवाच्या नावाने ठरलेल्या मानपानात जातीच्या पायऱ्या तशाच राहतात, आणि कौलाची भाषा कोणाच्या तोंडून बोलते हेही तपासावेच लागते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) या कादंबरीत हा विचार आणखी एका दिशेने जातो. तेथील घर खानदेशातील शेतकऱ्याचे आहे, आणि नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदारोच्या उत्खननापासून बापाच्या मृत्यूने निर्माण झालेल्या घरच्या प्रश्नापर्यंत तो येतो तेव्हा घर हेच एक उत्खननस्थळ होते. ‘अडगळ’ हा शब्द येथे फार नेमका आहे. इंग्रजी घराने आपला भूतकाळ तसबिरींच्या दालनात मांडला. मराठी घराने तो माळ्यावर टाकला. मांडलेल्या भूतकाळाला एक क्रम असतो. टाकलेल्या भूतकाळात सर्वांच्या वस्तू मिसळलेल्या असतात, आणि उपसणाऱ्याला कोणाचे काय हे ठरवावे लागते.

७

समीक्षेचे काम या उपसण्याहून फार वेगळे नाही. वाडा दिसताच ऱ्हास उच्चारण्याऐवजी तिने काही साधे प्रश्न विचारले तर संहिता अधिक बोलत्या होतील. घर कोणत्या हक्काने उभे आहे. त्याचे हिस्से किती आणि चुली किती. निवेदक कोणत्या पायरीवर उभा आहे आणि त्याला कोठपर्यंत दिसते. घराबाहेर राहून घर पोसणारा कोण. कोणाचे नाव कागदावर आहे आणि कोणाचे केवळ वापरात. हे प्रश्न बाहेरून लादलेले नाहीत. वाटणी, पाळी, वहिवाट, हक्कसोड, अर्धेली हे शब्द मराठी कुटुंबाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांच्यात कथानकाची बीजे आहेत. देशी समीक्षादृष्टीची चर्चा मराठीत दीर्घकाळ चालली. ती चर्चा परंपरेच्या अभिमानापाशी थांबण्यापेक्षा अशा व्यवहारी शब्दांपर्यंत पोचली तर तिला उपयोजनाचे बळ येईल.

इंग्रजी घरांचा इतिहास वाचण्याचा लाभ त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढतो. विल्यम्स, सैद आणि जिरुआर्ड यांनी आपल्या परंपरेतील घराला त्याच्या जमिनीशी, मळ्यांशी आणि जिन्यांशी जोडून दाखवले. त्यांचे निष्कर्ष उसने घेण्यापेक्षा त्यांची चिकित्सा उसनी घेणे हितावह आहे. तसे केल्यास मसुऱ्यासारख्या गावातील निनावी घर आणि कादंबरीतील गाजलेला वाडा एकाच इतिहासाचे भाग म्हणून वाचता येतील. आणि त्या इतिहासात खळ्यात उभ्या असलेल्या माणसाचीही रहिवासी म्हणून नोंद होईल.